कानबाईचा रोट आणि आपलं अर्धं भांडण

मंदे, मला तुझं सुतक लागत नाही, असं हेडसरांनी मला परवा समजावून सांगितलं. ते काही वाईट माणूस नाहीत, तुला माहीतच आहे. शोकसभा झाली, दोन मिनिटं उभं राहून झालं, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "निर्मलाबाई, मंदाबाईंचा वर्ग रिकामा ठेवून चालणार नाही. तुम्हाला काही सुतक नाही, तेव्हा सातवी ब तुम्हीच सांभाळा." मी मान हलवली. तुझ्या वर्गात गेले, तुझ्या खुर्चीवर बसले आणि लगेच उठले. ती खुर्ची एका पायानं डुगडुगते हे मला माहीत नव्हतं. तुलाही नसेल. तू वर्गात बसलेली मी कधी पाहिली नाही.

मुलं रडतील असं वाटलं होतं, रडली नाहीत. रडायला आपल्यासारखी मोठी माणसं असतातच की. मागच्या बाकावरून एकीनं हात वर करून विचारलं, "बाई, ह्या शनिवारी कुणाच्या घरी?" मी म्हटलं, बघू. तुझ्या एवढ्या वर्षांच्या सगळ्या उपद्व्यापाचा कारभार माझ्या त्या 'बघू'वर येऊन थांबलाय, आणि मला काही म्हणता काही दिसत नाहीये.

हा उपद्व्याप सुरू झाला तो तुझ्या रागातून, हे मुलांना ठाऊक नाही. ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार असेल. आपण दोघी नुकत्याच नोकरीला लागलेल्या. मी रोज असोद्याहून एसटीनं येणारी, तू धुळ्याकडची, लग्न होऊन जळगावात आलेली. पहिल्याच श्रावणात तू कानबाई देवीच्या विसर्जनासाठी सोमवारची रजा मागितलीस. तेव्हाचे हेडसर वेगळे, घाटावरून बदलून आलेले. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तुझ्यापुढे धरलं. "दाखवा बाई, कुठं छापलीय तुमची कानबाई?" तू शांतपणे कॅलेंडर पाहिलंस आणि म्हणालीस, "सर, ह्यात आजची एकादशी छापलीय, आणि मघाशी तुम्ही कांद्याची भजी खाल्लीत." स्टाफरूममध्ये कुणी हसायचं धाडस केलं नाही. मी केलं. आपली मैत्री तिथून सुरू झाली.

रजा मिळाली नाही, तू तरी गेलीसच. परत आलीस ती डोक्यात भलतंच काही घेऊन. म्हणालीस, "निमे, माझी एक रजा गेली तर मी चार दिवस धुमसत होते. ही पोरं वर्षातून कधी ना कधी दांडी मारतात आणि आपण त्यांना उभं करून विचारतो, काल कुठं होतीस? ती सांगतात, बाई पोट दुखत होतं. घरी सण होता असं सांगितलं तर आपणच म्हणणार, हा कुठला सण?" मी म्हटलं, मग? तू म्हणालीस, "मग आपणच जायचं बघायला."

तेव्हापासून तुझ्या वर्गाचा तो नेम झाला. सणासाठी जो गैरहजर राहील त्यानं खोटं बोलायचं नाही. सण सांगायचा आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळ्या वर्गाला घरी न्यायचं. चैत्रात सिंध्यांच्या घरी झुलेलालचा गोड भात, ईदनंतरच्या शनिवारी शिरखुर्मा, नवरात्रात गुजराथ्यांच्या अंगणातला गरबा, नाताळात मिशनच्या बंगल्यामागे राहणाऱ्या सिस्टरबाईंचा केक. एकाच जळगावात इतकी गावं आहेत हे मला तुझ्यामागून पायपीट करताना कळलं. तुझा नियम एकच होता: त्या घरात त्या घरासारखं. डोकं झाकत असतील तर झाकायचं, स्वयंपाकघरात येऊ नका म्हणाले तर जायचं नाही, आणि ताटात पडेल ते आधी खायचं, प्रश्न नंतर.

त्या सिंधी आजी आठवतात का तुला? कापडबाजारामागच्या गल्लीत राहायच्या. चाळीस पोरं त्यांच्या दोन खोल्यांत कोंबली होतीस तू. आजी कुणाशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या वाढत होत्या. निघताना त्यांनी तुझा हात धरला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, आम्ही इथं आल्यापासून दुकानात खूप लोक आले, घरात कुणी आलं नव्हतं. तू म्हणालीस, "आजी, भात आणखी आहे का?" आणि उभ्याउभ्या पुन्हा खाल्लास.

सगळं असं गोड नव्हतं. वसतिगृहातल्या पावरा आदिवासी मुलींनी होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारासाठी सातपुड्याकडे नेलं, तेव्हा परतीची एसटी चुकली आणि पालक शाळेच्या दारात येऊन बसले. बुद्धपौर्णिमेची खीर खायला रेल्वेपलीकडच्या वस्तीत जायचं ठरवलंस, तर एक नाही, दोन नाही, अर्ध्या वर्गाचं पोट दुखायला लागलं. सुट्टी लागलेली होती हे खरं, पण पोटं सुट्टीमुळे दुखत नव्हती हे आपल्याला कळत होतं. एक पालक, चांगले शिकलेले, तुला म्हणाले, "बाई, तुमचं सगळं ठीक आहे, पण सगळीकडे नेलंच पाहिजे का?" तू म्हणालीस, "नाही. तुमच्या घरी नाही नेणार." ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मुलाला घेऊन त्या वस्तीत आले. तुझ्या जिभेला घाबरून आले की मनानं आले, यावर आपण आठवडाभर भांडलो. तुझं म्हणणं, कसंही येऊ देत, खीर तर खाल्ली ना. माझं म्हणणं, घाबरून खाल्लेली खीर पचत नाही. भांडायला आपल्याला काहीही पुरायचं.

त्या खिरीच्या घरातली सुनंदा. पाचवीपासून तुझ्या शनिवारांना असायची, दहावीत गेली यंदा. तुझ्या बातमीनं ती शाळेत आली नाही, अजून आलेली नाही.

आमच्या असोद्यालाही तू पोरं आणलीस. पौषातला शनिवार, थंडी कडाक्याची. मळ्यात कपाशीच्या काड्या पेटवून आमच्या भावानं वांगी भाजली, आणि आई घरून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापून घेऊन आली. माझ्या आईचं सोवळं-ओवळं तुला ठाऊक होतं. मीच तुला आदल्या दिवशी सांगितलं होतं की आईला फार काही सांगू नकोस, कोण कुणाचं आहे ते. तू हो म्हणालीस आणि केळीच्या पानांवर पंगत बसताच प्रत्येक मुलीचं नाव आणि आडनाव घेऊन आईशी ओळख करून द्यायला लागलीस. मला वाटलं, झालं, आता आई भाकरीची टोपली उचलून घरी जाते. आई सुनंदाजवळ आली तेव्हा थांबली खरी. शेजारची काकू तिच्या कानाशी लागली. आई तिच्यावरच खेकसली, "आधी जेऊ दे लेकराइले, मंग इचारजो जात!" आणि भरिताचा गोळा सुनंदाच्या पानावर पडला. माझ्या आईनं जन्मात असं काही केलं नव्हतं. त्यानंतरही फारसं केलं नाही. पण त्या दिवशी केलं, आणि ते तुझ्यामुळे. ह्यासाठी मी तुझे कधी आभार मानले नाहीत. आता मानते. कुणाला मानतेय कोण जाणे.

आणि ह्याच दिवसाच्या जोरावर मी तुझ्याशी कानबाईवरून भांडले.

कानबाई आमच्या घरी नसते, त्यामुळे मला आधी काही कळायचं नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी तुमच्याकडे ती बसायची. चौरंगावर नारळ, त्याला नथ, डोरलं, लुगडं, असं नटवलेलं देवीचं रूप. घराला रंग, अंगणात मांडव, आणि धुळ्याकडून टेम्पो भरभरून येणारे तुमचे भाऊबंद. आदल्या दिवशी कुळातल्या माणसांच्या नावानं मूठमूठ गहू मोजून दळायचे. त्या पिठाचं जे जेवण होतं तो रोट. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. तो रोट कुळातल्यांनीच खायचा आणि त्यांनीच संपवायचा. परक्याला घास द्यायचा नाही, उरलं तर टाकायचं नाही, खरकटं पाणीसुद्धा अंगणाबाहेर जाऊ द्यायचं नाही. हे सगळं तुझ्या सासूबाईंनी, आक्कांनी, मला एकदा ओसरीवर बसवून सांगितलं होतं. त्या सांगत असताना आतून पुरणाचा वास येत होता आणि माझ्या हातात चहाचा कप होता.

ज्या सणावरून तुझं हे सगळं सुरू झालं, त्या सणाला तुझ्या वर्गाला तू घरी आणायचीस, पण जेवायला घालायची नाहीस. मुलांना मांडवात बसवायचीस, गाणी ऐकवायचीस, सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत आपल्यासोबत फुगड्या घालायला लावायचीस. हातावर फुटाणे-गूळ मिळायचा. मुलांना तू आधीच सांगून ठेवायचीस, "आज बघायचं, खायचं नाही. हेसुद्धा शिकायचं असतं." बहुतेक पोरांना काही वाटायचं नाही. फुटाणे खाऊन ती उड्या मारत जायची.

एका वर्षी सुनंदाला वाटलं. आतून ताटं फिरताना तिनं पाहिली. ती उठली, नळावर गेली, परत येऊन तुझ्यासमोर दोन्ही तळवे उघडून उभी राहिली. म्हणाली, "बाई, मी हात धुतलेत."

मंदे, तुझ्याइतकी हजरजबाबी बाई मी पाहिली नाही. हेडसरांना, पालकांना, एसटीच्या कंडक्टरला, सगळ्यांना तुझ्याकडे उत्तर तयार असायचं. त्या पोरीच्या ओल्या हातांकडे बघत तू नुसती उभी राहिलीस. आक्का दारातून म्हणाल्या, "पोरी, वाईट नको वाटाडू. मन्ही सख्खी पोरले बी रोट चालस नही, ती सासरनी व्हई गयी ना." खरं बोलत होत्या त्या. तुझी नणंद माझ्याच शेजारी ओसरीवर बसली होती, तिच्याही हातात चहाच होता. पण सुनंदाला ते कसं कळावं? तिच्या घरानं, तिच्या आजीपणजीनं, अशी कितीतरी दारं बाहेरून पाहिली होती. तिला काय ठाऊक हे दार निराळ्या कारणानं बंद आहे.

तू तिचे हात आपल्या पदराला पुसलेस. म्हणालीस, "तुझं काही चुकलं नाही गं." बस एवढंच. मग आत गेलीस, आणि आतून आक्कांचा आवाज आला, तू तुझं ताट घेत नाहीस म्हणून. घ्यावं तर लागणारच होतं. कुळाच्या सुनेनं रोट टाकायचा नसतो. मुलं गेल्यावर तू खाली मान घालून जेवलीस, आणि मी दारातून पाहिलं, तू खीर पाण्यासारखी गिळत होतीस.

आपलं खरं भांडण त्यानंतर झालं, शाळेच्या मागच्या लिंबाखाली. मी तुला सोडलं नाही. म्हटलं, "सगळ्या गावाला दारं उघडायला लावतेस. माझ्या आईनं चुलीपुढची अढी सोडली. आणि तुझ्या घरची वेळ आली की फुटाणे?" तू म्हणालीस, "तुझ्या आईची अढी दुसऱ्याला खाली बघणारी होती, निमे. आक्कांची तशी नाही. त्या लेकीलाही देत नाहीत. प्रत्येक घरात एखादी गोष्ट त्यांची एकट्यांची असते. त्या मारवाड्यांच्या रसोईत आपण गेलो नाही, पावऱ्यांच्या देवाजवळ बायकांना जाऊ दिलं नाही, तेव्हा नाही बोललीस. दुसऱ्याचं वेगळेपण मानायचं म्हणजे फक्त त्याचं गोडधोड खायचं का? कधी दाराबाहेर उभं राहायलाही यायला हवं." मी म्हटलं, "हे सगळं छान आहे. जा आणि सुनंदाला सांग." तू म्हणालीस, "नाही सांगता येत. म्हणून तर तुला सांगतेय." मी म्हटलं, "बाहेर उभं राहणाऱ्याला आतलं कारण दिसत नसतं. त्याला फक्त उंबरा दिसतो." मग घंटा झाली.

हे भांडण आपण दरवर्षी श्रावणात नव्यानं काढायचो. माझी बाजू मला आजही बरोबर वाटते. तुझीही वाटते, पण ते मी तुला कळू दिलं नाही. मग तू डोक्यावर बसली असतीस.

एक गोष्ट मात्र मी त्या लिंबाखाली बोलले नाही, नंतरही कधी बोलले नाही. मारवाड्यांच्या रसोईबाहेर मी खुशाल उभी होते, कारण ती माणसं माझी कोण होती? तुझ्या दाराबाहेर मला उभं राहवत नव्हतं. सुनंदाचं नाव पुढे करून मी माझं भांडत होते. तुझ्या सासरची, कुठलीकुठली चुलतचुलत माणसं, जी तुला वर्षातून एकदा दिसायची, ज्यांना तुला कोणती भाजी आवडत नाही हेसुद्धा माहीत नव्हतं, ती टेम्पोतून उतरून सरळ आत जाऊन बसायची. आणि रोज तुझ्या डब्यातलं अर्धं खाणारी मी बाहेर चहा पीत बसायची. मला रोट हवा होता, मंदे. पुरणपोळी माझ्या घरीही होते. मला तुझ्या घरच्यांत मोजलं जायला हवं होतं. एवढी मोठी बाई, दोन मुलांची आई, आणि हट्ट असा लहान पोरीसारखा. म्हणून बोलले नाही.

आषाढात तुझे डोळे पिवळे झाले. सुरुवातीला तू हसण्यावारी नेलंस. "निमे, लग्नातसुद्धा एवढी हळद लागली नव्हती मला." झाडपाला झाला, उसाचा रस झाला, कुणी सांगितलेला मंत्रवाला झाला. तुझ्या यजमानांना, म्हणजे आपल्या भाऊंना, मी दोनदा म्हटलं की मोठ्या डॉक्टरला दाखवा. ते बिचारे सगळ्यांचं ऐकत होते, त्यात माझंही ऐकत होते. शेवटी तुझ्या दिरांनी तुला धुळ्याला नेलं.

मी धुळ्याला आले ती रडत-रखडत चाललेल्या एसटीनं. पारोळ्याला गाडी बंद पडली, दुसरी मिळेपर्यंत स्टँडवर उभी राहिले. दवाखान्यात पोचले तर दारावरच्या बाईनं विचारलं, "कोण तुम्ही पेशंटच्या?" मी म्हटलं, मैत्रीण. ती म्हणाली, फक्त घरचे. मला तिचा राग यायला हवा होता, पण मला हसूच आलं. म्हटलं, घ्या, इथंही तेच. भाऊ बाहेर आले आणि मला आत घेऊन गेले, म्हणून तू दिसलीस. तुझा हात हातात घेतला तर पोटऱ्या-दंड सगळं सुकलेलं, पोट तेवढं फुगलेलं. तू विचारलंस, शनिवारी कुणाकडे गेलात? मी म्हटलं, कुणाकडे नाही, पाऊस आहे. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "पावसाला काय होतं." मग थोड्या वेळानं म्हणालीस, "निमे, ते रोटाचं... मी विचार केलाय त्याच्यावर." मी म्हटलं, "गप गं. आधी बरी हो, मग भांडू."

काय विचार केला होतास? तू आक्कांशी बोलणार होतीस? की मला शेवटचं पटवून देणार होतीस की माझंच चुकतंय? मी रोज दोन्हीकडून कल्पना करून बघते. तुझ्या आवाजात एक उत्तर तयार करते, मग मला वाटतं तू असं म्हणाली नसतीस, आणि ते मोडते. भाऊंना विचारलं, त्यांना काही माहीत नाही. हे तुझं उत्तर आता कुणाकडेच नाही. मला दुसरं काही सुचत नाही तेव्हा मी तुझ्यावर चिडते. एरवी वर्गात घसा बसेपर्यंत बोलायचीस, त्या दिवशी माझं ऐकून गप्प का बसलीस?

नागपंचमीच्या आदल्या दिवशी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. पुढचं तुला मी सांगायची गरज नाही. तुझ्या अंगणात इतकी माणसं मी कानबाईला सोडून कधी पाहिली नव्हती. गरब्याच्या घरचे आले, ईदच्या घरचे आले. सिंधी आजी आता नाहीत, त्यांची सून आली. वसतिगृहातल्या मुली एका रांगेत भिंतीला टेकून उभ्या. सगळे बाहेर. प्रत्येक जण एकमेकांना विचारत होता की इथली रीत काय, पाया कुठं पडायचं, फूल टाकायचं की नाही, चप्पल कुठं काढायची. त्या घरात त्या घरासारखं वागायला तू शिकवलं होतंस, आणि कुणाला काही सांगायला तू नव्हतीस. मी होते, पण मलाही माहीत नव्हतं.

आज रविवार. कानबाईचा रविवार. यंदा तुमच्याकडे ती बसली नाही, सुतक आहे. दळण नाही, मांडव नाही, धुळ्याकडचा टेम्पो नाही. तुमच्याकडे सुतकात सोयऱ्या-शेजाऱ्यांनी भाकरी आणायची पद्धत आहे म्हणून मी सकाळी उठून कळण्याच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, आणि असोद्याहून पहिल्या गाडीनं आले. उन्हं वर येऊ लागली होती. ओसरीवर थांबले, सवयीनं. डबा तिथंच ठेवून निघणार होते.

आक्कांनी आतून हाक मारली. "कोन शे? निर्मला का? बाहेर काय हुभी, आत ये." मी आत गेले. जिथं चौरंग मांडायचे त्या भिंतीशी त्या बसल्या होत्या, पाय पसरून. भाऊ डोक्याचा गोटा करून एका कोपऱ्यात. तुझे दीर, जावा, दरवर्षी ज्यांच्यावर मी जळायचे ती सगळी माणसं, तिथं बसलेली होती आणि कुणालाच कुठं बघावं कळत नव्हतं. मी डबा उघडला. आक्कांनी भाकरी घेतली, हातावरच मोडली, सगळ्यांना तुकडा तुकडा दिला. तुझ्या कुळातली सगळी माणसं आज, रोटाच्या दिवशी, माझ्या हातची भाकरी खात होती. एक तुकडा आक्कांनी माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "खाय माय. यंदा रोट नही. यंदा बठ्ठाच बाहेर शेतस." यंदा सगळेच बाहेर.

मी तो तुकडा खाल्ला, मंदे. त्यांच्यात बसून खाल्ला. इतकी वर्षं मागत होते ते मिळालं, आणि ते असं मिळालं. तुझ्या जागेवर कुणी बसलं नव्हतं, दाराजवळची ती जागा तशीच मोकळी होती.

मला नको हे. माझं भांडण मी मागे घेते, माझी बाजू बरोबर असली तरी मागे घेते. बसू दे कानबाई, येऊ दे टेम्पो, वाटू देत मला फुटाणे. मी उभी राहते गं अंगणात, म्हणशील तितका वेळ उभी राहते, एका शब्दानं बोलणार नाही. तू आत जा आणि दोन घास खाऊन घे.